ताळेबंदाखालच्या टिपा

बडोद्याच्या जुन्या मराठी वस्तीतून नुसती आडनावे वाचीत फिरावे, तरी एका गतकालीन राज्याची हिशेबाची कचेरी डोळ्यांसमोर उभी राहते. फडणीस हे मूळचे फर्दनवीस, म्हणजे फर्दा लिहिणारे. मुजुमदार हिशेबांची तपासणी करणारे. पोतनीस खजिन्यात आले किती, गेले किती आणि शिल्लक किती याची नोंद ठेवणारे. दफ्तरदाराचे काम आणखी निराळे : फडणिसाच्या रोजकीर्दीवरून खतावणी तयार करायची आणि दरमहाचा गोषवारा सरकारात रवाना करायचा. मराठ्यांच्या कारभारात या मंडळींना दरखदार म्हणत. त्यांच्या नेमणुका बहुधा वंशपरंपरेने चालत आणि सुभेदाराला त्यांना आपल्या मर्जीने काढून टाकता येत नसे. ज्याच्या हाती खर्च, त्याच्याच हाती हिशेब नसावा, ही सावधगिरी त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. आज कंपन्यांच्या कायद्यात लेखापरीक्षकाच्या स्वातंत्र्याविषयी जी कलमे आहेत, त्यांचा मथितार्थ याहून फारसा वेगळा नाही.

असे असूनही, आम्ही वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घ्यायचे ठरवले तेव्हा घरात ती बातमी फारशा कौतुकाने ऐकली गेली नाही. आजोबा बडोदे राज्याच्या हिशेबी खात्यात होते आणि मोडीत झरझर बेरजा मांडीत, ही गोष्ट घरात अभिमानाने सांगितली जाई. परंतु नातवाने एम.कॉम. होणे म्हणजे थोडे उतरणेच, अशी समजूत होती. मराठी घरातील मुलाने वकील, डॉक्टर, इंजिनिअर किंवा निदान प्राध्यापक व्हावे. नामेठामे गुजराती मंडळींनी पाहावे. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या आडनावातच हिशेब होता, त्यांना हिशेब परका कधी झाला, हे आम्हांला तेव्हा कळले नाही आणि आजही नीटसे कळलेले नाही.

१९४९ हे साल या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी ३० एप्रिलला महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि पुरते दोन महिने होताच, १ जुलैला, चार्टर्ड अकाउंटंटांचा कायदा अमलात येऊन त्यांची देशव्यापी संस्था स्थापन झाली. एका उन्हाळ्यात राज्याची कचेरी मिटली आणि विद्यापीठाचा वर्ग व नव्या व्यवसायाची सनद उघडली. आमच्या आजोबांच्या पिढीला यांतील पहिलीच गोष्ट जाणवली असावी. उरलेल्या दोन गोष्टींचा लाभ आमच्यासारख्यांना मिळाला.

विद्यापीठाच्या वाणिज्य विद्याशाखेत आम्ही दाखल झालो ते १९८१ साली. कंपन्यांचे वित्तीय अहवाल हा आमचा आवडीचा विषय ठरला. पदवीपर्यंतचा जमाखर्च आणि हा विषय यांत मोठा फरक आहे. पदवीच्या वर्गात हिशेब लिहायला शिकवतात; येथे हिशेब सांगायला आणि सांगितलेला हिशेब वाचायला शिकावे लागते. लिहिणारा घरातला असतो, वाचणारा बाहेरचा. भागधारक, ठेवीदार, बँक, कामगार, कर घेणारे सरकार, यांपैकी कोणालाही कंपनीची तिजोरी उघडून पाहता येत नाही. त्यांच्या हाती येतो तो छापील अहवाल. त्या कागदावर किती आणि काय सांगितले पाहिजे, कोणत्या शब्दांत, आणि न सांगितल्यास त्याचा अर्थ काय घ्यायचा, हा या अभ्यासाचा सगळा गाभा.

बडोद्यात हा विषय शिकताना भाषेची एक गंमत अनुभवाला येई. वर्गात सारे इंग्रजी. वर्गाबाहेर मित्र गुजराती, आणि घरी मराठी. बॅलन्स शीटला आपण ताळेबंद म्हणतो. गुजराती मित्र सरवैयुं म्हणत, आणि त्यातही कच्चे व पक्के असा भेद करीत. कच्चे म्हणजे नुसत्या बाकींची जुळणी, पक्के म्हणजे खरा ताळेबंद. घसारा आपलाही आणि त्यांचाही. परंतु धंद्याच्या नावलौकिकाची जी किंमत हिशेबात धरतात, तिला गुजराती पाठ्यपुस्तकात चक्क पाघडी म्हणतात. एका कंपनीने दुसरी विकत घेताना तिच्या मालमत्तेहून जास्त पैसे का मोजले, हे इंग्रजीत अर्धे पान वाचून जेवढे कळे, त्याहून त्या एका शब्दाने अधिक कळे. मराठी माणसाला तर पगडीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. ती डोक्यावर असते तोवर असते, उतरली की कापडाच्या भावाने जाते. लेखाशास्त्रही हेच सांगते.

भाषेचा विषय निघाला म्हणून सांगावेसे वाटते की, तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात याचा विचार आमच्याही आधी झाला होता. १९३१ साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या कोशात राज्यकारभाराचे इंग्रजी शब्द घेऊन त्यांचे पर्याय गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली अशा भाषांतून शेजारी शेजारी मांडले आहेत. राज्याचा व्यवहार प्रजेला कळला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे राज्यकारभाराचे वार्षिक अहवाल. मल्हारराव महाराजांना १८७५ साली पदच्युत केल्यावर सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले. त्यांच्या कारकिर्दीपासून राज्याच्या जमाखर्चासकट कारभाराचा अहवाल छापून प्रसिद्ध होऊ लागला. सोन्याच्या तोफा ओतवल्या गेलेल्या दरबारात, वसूल किती आणि खर्च कशावर हे छापून सांगण्याची रीत पडणे ही लहान गोष्ट नव्हती. आम्ही कंपन्यांच्या अहवालांचा अभ्यास करीत असताना हे जुने अहवालही चाळले. त्यांतील तक्ते पाहून वाटे की, शिकायचे ते आपल्याच गावात होते.

व्यापारी कंपन्यांच्या बाबतीतही बडोदे मागे नव्हते. राज्याचा स्वतःचा कंपनी कायदा १८९७ सालचा. त्याच कायद्याखाली २० जुलै १९०८ रोजी १० लाख रुपयांच्या वसूल भांडवलावर बँक ऑफ बडोदा उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी, १९०७ मध्ये, प्रा. त्रिभुवनदास गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी अलेंबिकचा आरंभ केला. या तीन नावांत एक मराठी आहे, याची आठवण आपल्या मंडळींना अधूनमधून दिलेली बरी.

आता विषयाच्या अंतरंगाकडे वळू. आम्ही शिकत होतो तेव्हा भारतातील लेखामानके नुकतीच बाळसे धरीत होती. ती तयार करणारे मंडळ १९७७ साली नेमले गेले आणि पहिले मानक नोव्हेंबर १९७९ मध्ये निघाले. ते सर्व कंपन्यांच्या हिशेबांना बंधनकारक झाले मात्र १ एप्रिल १९९१ पासून. या पहिल्याच मानकात एक विलक्षण नियम आहे. हिशेबाची तीन गृहीतके त्यात सांगितली आहेत : धंदा पुढेही चालू राहणार आहे, हिशेबाच्या पद्धती वर्षानुवर्षे त्याच आहेत, आणि उत्पन्न व खर्च हे पैसा हातात येण्याजाण्यावर नव्हे, तर ते ज्या काळात उद्भवले त्या काळात धरले आहेत. ही तिन्ही पाळली असतील तर तसे लिहिण्याची गरज नाही. पाळली नसतील तर मात्र तसे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. म्हणजे अहवालातील मौनालाही अर्थ आहे, आणि तो कायद्याने ठरवलेला आहे. वाङ्मयाच्या वाचकाला हे नवीन वाटू नये. कवितेत जे लिहिलेले नसते तेही आपण वाचतोच.

पद्धतीतील बदल म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणाने कळते. एका कारखान्याने १,००,००० रुपयांचे यंत्र घेतले. उतरत्या किमतीवर १५ टक्के घसारा धरला तर पहिल्या वर्षी १५,००० रुपये खर्ची पडतात. तेच यंत्र दहा वर्षे टिकेल असे मानून सारख्या हप्त्याने घसारा काढला, तर १०,००० पडतात. नफा ५,००० रुपयांनी वाढला. आणि त्यासाठी एक कवडीचाही माल अधिक विकावा लागला नाही. दोन्ही रीती शास्त्रमान्य आहेत. यात लबाडी नाही. परंतु मागील वर्षी एक आणि यंदा दुसरी असे झाले असेल, तर ते सांगणे भाग आहे, आणि ते सांगितलेले असते ताळेबंदाखालच्या टिपांत, बारीक अक्षरांत, बहुधा शेवटून दुसऱ्या तिसऱ्या पानावर.

दुसरी महत्त्वाची टीप संभाव्य देण्यांची. आपण कोणाला जामीन राहिलो, तर पैसे आज आपल्याला द्यावयाचे नसतात, म्हणून ते ताळेबंदाच्या बेरजेत येत नाहीत. मूळ ऋणकोने हात वर केले की मात्र ते आपल्या दारात येऊन उभे राहतात. बडोद्याच्या इतिहासात या जामिनकीला बहांधरी असे नाव होते. गायकवाडांना कर्ज देणाऱ्या सावकारांना नुसत्या दरबारच्या शब्दाचा भरवसा पुरेना, तेव्हा अरब शिबंदीचे जमादार मध्ये पडून हवाला देत. १८०२ नंतर मेजर वॉकर यांच्या काळात ही बहांधरी इंग्रजांनी आपल्याकडे घेतली. तिच्या आधारे दरबारच्या अंतर्गत कारभारात त्यांना किती खोलवर हात घालता आला, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ज्याची जामीनकी, त्याची सत्ता. वर्गात संभाव्य देण्यांचा धडा चालू असता आमच्या मनात मात्र वॉकर आणि बहांधरी घोळत असे.

हे सर्व पुस्तकी राहिले असते. पण आमच्या आत्याबाईंमुळे ते तसे राहिले नाही. त्या दांडिया बाजारात राहत. यजमानांच्या पश्चात आलेला प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा त्यांनी एका कारखान्याच्या मुदत ठेवीत घातला होता. त्या काळी कंपन्या लोकांकडून सर्रास ठेवी घेत आणि बँकेपेक्षा चार पैसे जास्त व्याज देत. वर्तमानपत्रात त्यांच्या जाहिराती येत. १९७५ च्या नियमांप्रमाणे मागील दोन वर्षांचा संक्षिप्त ताळेबंद आणि ही ठेव विनातारण आहे असे वाक्य त्या जाहिरातीत छापावे लागे. विनातारण हा शब्द कोणी वाचीत नसे; व्याजाचा आकडा सर्वजण वाचीत.

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही निरनिराळे अहवाल जमवीत होतो. त्यांत योगायोगाने या कारखान्याचाही अहवाल हाती आला. पहिल्या पानावर अध्यक्षांचे छायाचित्र आणि नफ्याचा उंच स्तंभ. मागच्या पानांवर तीन टिपा. एक : घसाऱ्याची पद्धत यंदापासून बदलली असून त्यामुळे नफा अमुक इतका जास्त दिसतो. तो ‘अमुक’ आकडा सबंध नफ्याहून मोठा होता. दोन : संबंधित संस्थांच्या कर्जांना दिलेल्या हम्या. त्यांची बेरीज कंपनीच्या स्वतःच्या निधीपेक्षा जास्त होती. तीन : लेखापरीक्षकांचे मत अशा एका संस्थेला दिलेल्या उसनवारीच्या ‘अधीन राहून’ दिलेले होते, ती रक्कम वसूल होण्याविषयी त्यांना खात्री नव्हती.

आम्ही तो अहवाल घेऊन आत्याबाईंकडे गेलो. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. त्या स्वतः रोजचा जमाखर्च वहीत लिहीत आणि दूधवाल्याच्या हिशेबात अर्ध्या लिटरची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्या म्हणाल्या, “अरे, एवढा मोठा कारखाना काय रातोरात पळून जातो? आणि एजंट आपल्याच ओळखीचे आहेत.” आम्ही पुन्हा एकदा टिपा वाचून त्यांचा अर्थ सांगितला. तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “हे जर इतके महत्त्वाचे आहे, तर इतके बारीक का रे छापतात?”

पुढच्या महिन्यात एका पावतीची मुदत भरत होती. ती रक्कम त्यांनी काढून घेतली. दुसऱ्या पावतीची मुदत दीड वर्षाने होती. त्याआधीच व्याजाचे चेक परत येऊ लागले, कारखान्याला टाळे लागले आणि ठेवीदारांचा अर्ज कज्जेदलालीत अडकला. अर्धा पैसा वाचला, अर्धा गेला. आत्याबाईंनी त्याबद्दल कधी कोणाला बोल लावला नाही. त्यांच्या पश्चात पेटी उघडली, तेव्हा ती दुसरी पावती यजमानांच्या पत्रांबरोबर रेशमी रुमालात बांधून ठेवलेली मिळाली.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नव्हते. पुढे कायद्याने एक उत्तर दिले. २००० सालच्या दुरुस्तीने असे ठरवले की, कंपनीच्या कामकाजावर प्रतिकूल परिणाम करणारे लेखापरीक्षकांचे शेरे ठळक किंवा तिरप्या अक्षरांतच छापले पाहिजेत. ही दुरुस्ती वाचली तेव्हा आम्हांला प्रथम आत्याबाईंचा चष्मा आठवला. संसदेने अक्षराच्या जाडीचा विचार करावा, याचा अर्थ बारीक अक्षरांनी होणारा घात एकट्या दांडिया बाजारात झाला नव्हता.

जगातही तो झाला. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेली एन्रॉन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या २००० सालच्या वार्षिक अहवालात, कंपनीचाच एक वरिष्ठ अधिकारी ज्यांची सूत्रे हलवतो अशा भागीदाऱ्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप होती. ती इतक्या आडवळणाने लिहिली होती की, फार थोड्यांनी ती वाचली आणि त्यांतही थोड्यांना शंका आली. आपल्याकडे ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की, पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. पहिल्या प्रकरणात टीप होती, वाचक नव्हता. दुसऱ्यात टीप नव्हती; शिल्लकच खोटी होती. असा सरळ खोटा आकडा वाचून ओळखणे कठीण. तरी वाचणाऱ्याला एवढे विचारता येते की, बँकेत इतका पैसा पडून आहे तर त्याचे व्याज कोठे दिसते?

गेल्या काही वर्षांत या विद्येचे रूप पुष्कळ पालटले आहे. २०१३ चा नवा कंपनी कायदा आला. १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना आंतरराष्ट्रीय मानकांशी मिळतीजुळती भारतीय लेखामानके लागू झाली. २०१८ मध्ये लेखापरीक्षकांवर देखरेख करणारे राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले. पूर्वी चाळीस पानांत मावणारा अहवाल आता तीनशे पानांवर जातो. जे सांगायचे राहत असे त्यातील बरेचसे आता सांगावे लागते. मात्र अहवाल टपालाने घरी येत नाही; २०११ पासून तो ईमेलने पाठवण्याची मुभा मिळाली. पूर्वी सभेच्या २१ दिवस आधी जाड पाकीट दारात पडे, तेव्हा निदान ते उघडून रद्दीत टाकायचे की नाही याचा तरी विचार होई. आता तेवढाही होत नाही. आमच्या घरातील तरुण मंडळी मोबाइलवर क्षणात समभाग घेतात आणि विकतात. त्या कंपनीच्या टिपा वाचल्या का, असे विचारले तर आदराने हसतात.

त्यांच्यासाठी, आणि निवृत्तीचा पैसा कोठेतरी गुंतवून बसलेल्या आमच्या समवयस्कांसाठी, चार दशकांच्या सवयीने ठरलेला वाचनक्रम येथे नोंदवून ठेवतो. अहवाल मागून पुढे वाचावा. प्रथम लेखापरीक्षकांचे मत. त्यात ‘परंतु’, ‘वगळता’, ‘अधीन राहून’ असे काही आहे काय ते पाहावे. नंतर लेखापद्धतीतील बदल. मग संबंधित व्यक्ती व संस्थांशी झालेले व्यवहार, आणि संभाव्य देणी. त्यानंतर रोकड प्रवाहाचे पत्रक काढून, नफा वर्षानुवर्षे दिसत असता रोकडही येत आहे की नाही याची तुलना करावी. अध्यक्षांचे निवेदन आणि रंगीत चित्रे शेवटी, वेळ उरल्यास. यास शास्त्राची पदवी लागत नाही. एक सकाळ, चष्मा आणि थोडा चिवटपणा एवढे पुरते.

आपल्या सभेच्या या पत्रिकेत सहसा काव्यनाटकांविषयी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि लिहिलेल्या शब्दाकडे संशयाने व सहानुभूतीने पाहण्याची जी सवय वाङ्मय आपल्याला लावते, तीच सवय ताळेबंदालाही लावता येते, असे आम्हांला दीर्घ अनुभवाने वाटते. कंपनीच्या हिशेबाने ‘खरे आणि वाजवी’ चित्र दाखवले पाहिजे, असे आपला कायदा म्हणतो. फक्त खरे पुरत नाही, वाजवीही हवे. हे दोन शब्द शेजारी ठेवणाऱ्याला भाषेची जाण असली पाहिजे. आमच्या आजोबांची रोजकीर्द कोणत्या दफ्तरात गेली, याचा पत्ता लागत नाही. परंतु बडोद्याच्या घराघरांतून आजही फडणीस, पोतनीस, दफ्तरदार राहतात. त्यांच्यापैकी एखाद्या मुलीने उद्या वाणिज्य विद्याशाखेत हा विषय घ्यायचे ठरवले, तर घरातील वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये. ती घराण्याचेच काम पुढे चालवीत असेल.